बेरीज जुळली

८ फेब्रुवारी १९८८, सोमवार

नवी वही शिव्यांनी सुरू करायची नव्हती, पण इलाज नाही. अख्खा दिवस पाण्यात गेला.

सकाळी ऑफिसात पोचले, माझा प्रोग्रॅम उघडायला गेले, तर मशीन म्हणतं, हिस्टरी फाइल खराब आहे. बस्स. पुढे काही बोलायलाच तयार नाही. आमच्याकडे प्रत्येक प्रोग्रॅमची एक हिस्टरी फाइल असते. कोणी, कुठल्या तारखेला, कुठली ओळ बदलली, सगळं तिच्यात. ती फुटली की प्रोग्रॅम गेलाच म्हणून समजा, कारण त्याची जुनी-नवी सगळी रूपं तिच्याच पोटात असतात.

आज अशा दोन फुटल्या. अंधेरीच्या या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये वीज दिवसातून चार वेळा डोळे मिचकावते, त्यात आमची डिस्क म्हातारी. ३१ मार्चला बेल्जियमला माल जायचाय. इस्पितळात रक्त तपासायचं त्यांचं मशीन, आणि त्याच्या डोक्यातला प्रोग्रॅम आमचा. सबनीस, म्हणजे आमचा ग्रुप लीडर, माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "वनमाला, तारीख पुढे जाणार नाही. तू काय करायचं ते कर." जशी काय मीच फाइलीला चावले!

नलिनी शेजारच्या टेबलावर हसत होती. म्हटलं, हस, तुझी फुटेल तेव्हा मी हसेन.

१० फेब्रुवारी, बुधवार

दोन्ही फायली जुळवल्या एकदाच्या. अंबादासकाका आमचे ऑपरेटर, रोज संध्याकाळी सगळ्या फायली टेपवर उतरवून कपाटात ठेवतात. त्यांच्याकडून शनिवारची टेप लावून घेतली आणि ओळीला ओळ लावून बघितली. मधेच पाचशे अक्षरांचा नुसता कचरा भरला होता. हाताने निस्तरायला दोन दिवस लागले. मान दुखतेय.

हे असं दर आठवड्याला करत बसणार का मी? मशीननेच का करू नये?

प्रत्येक हिस्टरी फाइलच्या पहिल्या ओळीत एक आकडा असतो. आत जितकी अक्षरं आहेत त्या सगळ्यांची मिळून एक बेरीज. एक स्वल्पविराम जरी हलला तरी बेरीज जुळत नाही. मग रोज जेवणाच्या सुट्टीत, मशीन मोकळं असताना, चारशे बाराच्या चारशे बारा फायलींची बेरीज कोणीतरी तपासली तर? फुटलेली त्याच दिवशी कळेल. आणि तिथल्या तिथे दुरुस्त झाली तर आणखीच झकास.

नाव ठरलं. वैद्य.

१५ फेब्रुवारी, सोमवार

वैद्य चालला! आज कँटीनमधून परत येईपर्यंत चारशे बारा फायली तपासून झाल्या होत्या. एक फुटलेली सापडली, तिच्या मालकाला पत्ताही नव्हता. छापलेला कागद घेऊन मी सबनीसकडे गेले. वाटलं, निदान चांगलं म्हणेल.

म्हणाला, "यादी घेऊन मी काय करू? रोग कळला, औषध कुठाय?"

बरोबर आहे त्याचं. पण तोंड भरून 'बरं झालं' म्हणायला काय जातं रे माणसा.

१९ फेब्रुवारी, शुक्रवार

औषधही तयार झालं, आणि त्याच्यावरून नलिनीशी कडाक्याचं भांडण.

वैद्य आता असं करतो. आत कचरा भरला असेल तर टेप मागतो आणि टेपवरून ती फाइल परत आणतो. पण मजकूर धड वाचता येत असेल आणि फक्त बेरीजच चुकत असेल, तर नवी बेरीज करून पहिल्या ओळीत लिहितो आणि पुढे जातो. ही दुसरी युक्ती सबनीसची. टेप लावायला, फिरवायला वीस-वीस मिनिटं जातात, मजकूर शाबूत असताना ती कशाला घालवायची?

नलिनी म्हणाली, "माला, बेरीज चुकली म्हणजे आत काहीतरी हललंय ना? काय हललं ते न बघता तू आकडाच बदलणार? ताप आला की थर्मामीटर झटकायचा आणि म्हणायचं, उतरला!"

"वाचता येतंय ना सगळं? मग काय हललं असेल? एखादं अक्षर."

"एखादं अक्षर कुठलं, ते तुला माहीत आहे का?"

"नलू, एकतीस तारखेला तू येणारेस का बेल्जियमला समजवायला?"

तिने खुर्ची वळवली. नंतर चहालाही आली नाही. सहा वर्षं शेजारी बसतो आम्ही, पण हिला प्रत्येक गोष्टीत खोट काढल्याशिवाय चैन पडत नाही. आपण एक चांगली गोष्ट केली की जवळच्याच माणसाला ती बघवत नाही, असं आहे.

२३ फेब्रुवारी, मंगळवार

आज सबनीस चक्क खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला. वैद्य आतून कसा चालतो ते त्याला समजून घ्यायचं होतं. अर्धा तास बसला. मजकूर शाबूत आहे हे वैद्य कशावरून ठरवतो, टेप कधी मागतो, कधी मागत नाही, दुरुस्तीची नोंद कुठे ठेवतो, सगळं विचारलं. इतक्या बारकाईने या ऑफिसात आजवर माझं काम कोणी बघितलं नव्हतं. शेवटी म्हणाला, "दुरुस्त झालेल्यांची यादी छापू नकोस. कागद फुकट जातो. किती झाल्या तेवढा आकडा पुरे."

छापणं बंद केलं.

२ मार्च, बुधवार

बाबांना वैद्य समजावून सांगायला गेले. गिरणी बंद पडून सहा वर्षं झाली, तरी त्यांचं जग अजून मागांपाशीच आहे. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "फाटलेला शिवलंस, ता बरा केलंस गो बाय. पण खयच्या मागार फाटला, ता कोणी बघूक नको?"

म्हटलं, बाबा, हे कापड नाही.

"माका ठावक असा," म्हणाले, आणि पेपर वाचायला लागले.

९ मार्च, बुधवार

मीटिंगमध्ये आज आवाज चढले. आमच्याकडच्या चाचणीत रक्ताचं मशीन हळू चालतंय म्हणून बेल्जियमचा टेलेक्स आलाय. रक्ताच्या प्रत्येक नळीवर नंबर असतो, तो वाचायला मशीन मधेमधे अडतं आणि सगळी रांग खोळंबते. नळ्यांचा भाग नलिनीचा. सबनीस तिला म्हणाला, "नंबर नाही वाचला तर थांबायचं कशाला? आधीचा नंबर धर आणि पुढे जा, मागाहून जुळव."

नलिनीने साफ नाही म्हटलं. "मागाहून नाही जुळला तर एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर जाईल. चुकीचं सांगण्यापेक्षा थांबलेलं बरं."

"बावीस दिवस राहिलेत, नलिनी."

"मग मला बावीस दिवस द्या."

दोघांचीही कटकट झाली मला. माझं काम बाजूलाच राहिलं.

११ मार्च, शुक्रवार

वैद्याने आज पाच दुरुस्त केल्या. एका दिवसात पाच! मी नोंद उघडली. पाचही नळ्यांच्या भागातल्याच. मजकूर आरशासारखा स्वच्छ, बेरीज तेवढी चुकलेली. असला डिस्कचा आजार मी अजून पाहिला नव्हता. नेहमी कचरा दिसतो, इथे कचऱ्याचा कणही नाही. डिस्कवाल्या कंपनीचा इंजिनियर बोलावला. त्याने दोन तास डिस्क तपासली आणि म्हणाला, मॅडम, डिस्क ठीक आहे. ठीक कशी असेल? मग फायली काय आपल्या आपण फुटतात? चिडून मी त्याला चहाही विचारला नाही.

असो. वैद्याने सांभाळलं. पाच मिनिटांत पाच. हाताने करायचं तर आठवडा गेला असता.

आणखी एक. चाचणीतलं रक्ताचं मशीन आता अडत नाही म्हणे. सबनीस सांगत होता, आज दुपारपासून रांग सुरळीत चाललीय. मी नलिनीला म्हटलं, "काय जादू केलीस?" तर माझ्याकडे विचित्र बघून म्हणाली, "मी कुठे काय केलं? मला वाटलं तूच काहीतरी केलंस." अजून रागातच आहे वाटतं.

३० मार्च, बुधवार

माल गेला! तारखेच्या एक दिवस आधी. सबनीसने सगळ्यांना पेढे वाटले, आणि केणी साहेबांसमोर, म्हणजे थेट डायरेक्टरसमोर, माझं नाव घेतलं. "वनमालाच्या वैद्याशिवाय हे जमलंच नसतं." घरी आल्यावर बाबांना सांगितलं. त्यांनी दोनदा पेढा मागून घेतला.

१८ एप्रिल, सोमवार



टेलेक्स आला. तिकडच्या एका इस्पितळात दोन बायकांचे रक्ताचे रिपोर्ट अदलाबदल झाले. जी ठणठणीत होती तिला नको ते औषध गेलं आणि तिचं हृदय बंद पडता पडता राहिलं. वाचली. दोन मुलांची आई आहे म्हणे.

केणी साहेबांनी सगळ्यांना आत बोलावलं. चूक लगेच सापडली. नंबर वाचता आला नाही तर आधीच्या नळीचा नंबर धरायचा, अशी एक ओळ. हिस्टरी फाइल सांगते: ९ मार्च, नलिनी.

नलिनी ताडकन उठली. "मी ही ओळ लिहिलेली नाही. याच ओळीला मी नाही म्हटलं होतं, सगळ्यांसमोर!"

सबनीस हळू आवाजात म्हणाला, "नलिनी, तेव्हा ताण सगळ्यांवरच होता. एखाद्याने मन बदललं तर मी समजू शकतो."

मग केणी साहेब माझ्याकडे वळले. "तावडे, ही हिस्टरी खरी मानायची का? फायलींची जबाबदारी तुमची."

मी म्हटलं, "हो सर. वैद्य रोज तपासतो. या फाइलची बेरीज जुळते. फाइल निरोगी आहे."

खरं तेच सांगितलं. मैत्रीण आहे म्हणून खोटं कसं बोलू? त्यांनी ते लिहून मागितलं, मी लिहून सही केली.

नलिनी सरळ बाहेर निघून गेली. मला वाटलं होतं, भांडेल तरी.

२० एप्रिल, बुधवार

नलिनीकडून राजीनामा लिहून घेतला. तिने टेबल आवरलं तेव्हा मी टेप-रूममध्ये होते. काम होतं मला. खरंच होतं.

मन बदललं असेल तर तसं सांगायचं ना. माणूस चुकतो. पण खोटं का बोलायचं?

२८ एप्रिल, गुरुवार

हे नीट लिहायला हवं, एकही पायरी न गाळता.

सकाळी अंबादासकाका आले. "ताई, सबनीस साहेब म्हणतात, मार्चच्या टेपा पुसून नव्या कामाला घ्या. तुमचा वैद्य त्या वापरतो, म्हणून तुमची सही लागेल."

मी सही करणारच होते. पेन हातात होतं. पण येत्या महिन्यात केणी साहेबांसमोर वैद्यावर बोलायचंय, त्यासाठी आकडे हवे होते, मार्चमध्ये किती फुटल्या, किती जुळल्या. म्हटलं, काका, पुसायच्या आधी एकदा लावा.

९ मार्चची टेप लावली. ती ओळ आहे. बेरीज जुळते. नाव, मधुकर सबनीस.

मी वाचलं, परत वाचलं. काकांना म्हटलं, चुकीची टेप लावलीत. त्यांनी टेप काढून वरची चिठ्ठी दाखवली. त्यांच्याच अक्षरात, ९ मार्च.

१० मार्चची लावली. तीच ओळ. नाव नलिनी. बेरीज जुळत नाही.

११ मार्चची लावली. नाव नलिनी. बेरीज जुळते.

सबनीसने नाव हाताने बदललं, म्हणून बेरीज मोडली. मशीनने ओरडून सांगितलं होतं की इथे कोणीतरी हात घातलाय. आणि माझ्या वैद्याने जेवणाच्या सुट्टीत येऊन, नवी बेरीज लिहून, मशीनचं तोंड बंद केलं. त्या खोट्यावर शिक्का मी मारला. मग केणी साहेबांसमोर सहीसुद्धा केली.

काका म्हणाले, "ताई, पाणी आणू?"

आणि तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसला होता तेव्हा मला वाटलं होतं, माझं काम बघतोय.

२९ एप्रिल, शुक्रवार

सबनीसला जिन्यात गाठलं. वाटलं होतं, नाही म्हणेल.

"ग्रुप लीडरच्या नावावर अशी ओळ दिसली असती तर बेल्जियमने पन्नास प्रश्न विचारले असते. भाग तिचा, नाव तिचं. मला काय स्वप्न पडलं होतं की हे असं होईल?"

"एक बाई मरत होती."

"आणि फाइल निरोगी आहे असं लिहून कोणी दिलं, वनमाला? मी?"

घरी येताना बसमध्ये दहा उत्तरं सुचली, सगळी फालतू.

३० एप्रिल, शनिवार

केणी साहेबांपुढे तीन प्रिंटआउट ठेवले. त्यांनी तिन्ही शेजारी-शेजारी लावून बघितले. मग म्हणाले, "सबनीसशी मी बोलतो. नलिनीबाईंना चांगलं सर्टिफिकेट देऊ. पण हे इथेच राहील. आपल्या हिस्टरीत नावं बदलता येतात हे बाहेर कळलं, तर आपल्या एका तरी फाइलवर कोणी विश्वास ठेवेल का?"

"सर, पण ठेवायला नकोच ना."

"तावडे, जा, घरी जा."

ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. जिना उतरले आणि रस्त्यावर उभी राहिले.

१ मे, रविवार

नाहूरला नलिनीच्या घरी गेले. दार तिच्या सासूबाईंनी उघडलं, मला ओळखून आत निघून गेल्या. नलिनीने बस म्हटलं नाही. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "मीटिंगमध्ये तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस, माला. टेप लावायला वीस मिनिटं लागतात. तेवढी तरी मला द्यायचीस."

मी रडले. ती रडली नाही. माझं रडणं संपेपर्यंत खिडकीतून बाहेर बघत होती. मग एकदम वळली.

"त्या दिवशी किती फायली दुरुस्त झाल्या होत्या?"

"पाच."

"एक सापडली. उरलेल्या चारांत काय आहे?"

मला ते सुचलंच नव्हतं. सबनीस, सही, माझी लाज, यातच फिरत होते मी. आणि त्या चार फायली तिकडे इस्पितळांत रोज चालतायत.

मी तशीच अंधेरीला गेले. रविवार असूनही अंबादासकाका बोलावल्यावर आले. चारांच्या ९ आणि १० मार्चच्या प्रती छापून घेऊन परत नाहूरला. नलिनीने जेवणाचं टेबल मोकळं केलं. ती ओळ वाचायची, मी दुसऱ्या कागदावर बोट ठेवायचे. तीन फायलींत फक्त नावं आणि तारखा बदललेल्या. चौथीत, नळीचा नंबर घेऊन रिपोर्ट दुसऱ्यांदा छापायचा तो भाग, तिथेही तीच ओळ. आधीचा नंबर धर, पुढे जा. ती कोणी शोधलीच नव्हती. पहिली ओळ सापडल्यावर बेल्जियमला जी सुधारणा पाठवली, तिच्यात ही नाही.

नलिनीने पेन्सिलीने तिच्याभोवती गोल काढला. इतका दाबून की कागद फाटला.

२ मे, सोमवार

केणी साहेब यायच्या आधी त्यांच्या केबिनबाहेर बसले. आत शिरताशिरताच म्हटलं, "सर, तसलीच दुसरी ओळ तिकडे अजून चालू आहे. टेलेक्स आज जायला हवा. तुम्ही नाही पाठवलात तर मी पोस्टात जाऊन माझ्या नावाने पाठवते."

मी पुढे केलेल्या कागदावरचा गोल त्यांनी बघितला. खाली बसले. माझ्यादेखत टेलेक्स लिहवून घेतला: दुसऱ्यांदा छापलेला कुठलाही रिपोर्ट वापरू नका. नावांचं काय, म्हणाले. मी माझा कागद पुढे केला, सकाळीच लिहिला होता. ओळ मधुकर सबनीस यांची. नलिनी यांचा संबंध नाही. फाइल निरोगी असल्याचं मी न तपासता सांगितलं, माझं १८ एप्रिलचं निवेदन रद्द समजावं. खाली सही.

"यात तुमची नोकरी जाऊ शकते, तावडे."

"हो सर."

टेलेक्स आणि माझा कागद, दोन्ही बेल्जियमला गेले. तीन वाजता उत्तर आलं, चार शब्दांचं. मशीनं थांबवली आहेत. आभार.

९ मे, सोमवार

नोकरी अजून आहे. का आहे ते कळत नाही, विचारायचं धाडस नाही. सबनीसला 'रजेवर' पाठवलंय. रजेवर! केणी साहेबांनी नलिनीला परत या म्हणून पत्र धाडलं, तिने नाही कळवलं. मालाडला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागलीय. बेल्जियममधल्या त्या बाईंच्या तब्येतीचं विचारलं, तर म्हणे ती माहिती आपल्याला देता येत नाही.

वैद्यामधला दुरुस्तीचा भाग मी काढून टाकला. आता तो फक्त सांगतो. फाइल फुटली की कुलूप लावतो, मालकाचं नाव छापतो, आणि दोन माणसांनी टेपवरची प्रत ओळीला ओळ लावून वाचल्याशिवाय कुलूप निघत नाही. अख्खं ऑफिस माझ्यावर खवळलंय. आज कँटीनमध्ये माझ्या टेबलावर कोणी बसलं नाही. 'आधीचा वैद्य बरा होता' हे मला ऐकू येईल इतक्या मोठ्याने बोलतात.

१३ मे, शुक्रवार

दुपारी वीज गेली, आली, आणि एक फाइल फुटली. कुलूप. अंबादासकाकांनी टेपवरची आणि फुटलेली, दोन्ही प्रती छापून दिल्या होत्या, मी कपाळ धरून बसले होते. दोन तासांचं काम पडलं होतं आणि सोबत वाचायला कोणी यायला तयार नाही.

तेवढ्यात फोन वाजला. नलिनी. नाहूरहून आल्यापासून पहिल्यांदाच.

"काय चाललंय?" म्हणाली, जरा कोरडंच.

"फुटली एक."

"कोणाची?"

"माझीच."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "वाच. दोन्ही कागदांवरची ओळ, एकामागून एक. मी ऐकतेय. पहिल्या ओळीपासून."

मी दोन्ही कागद पुढे ओढले आणि वाचायला लागले.